टॅपेट कव्हर कुणाकडे द्यायचं

वीस वर्षं हा प्रश्न त्या गॅरेजात कुणाला पडलाच नव्हता. इंजिन उघडायचं, रंगवायचे पार्ट एका क्रेटमध्ये भरायचे आणि दोन गल्ल्या सोडून पावडर कोटिंगवाल्या काकांच्या दारात ठेवून यायचं. काका क्रेटकडे बघून मान हलवत आणि आठ-दहा दिवसांनी पार्ट परत येत, नव्यासारखे. काय केलं, कसं केलं, हे कुणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. मग काकांच्या छातीनं दगा दिला, डॉक्टरांनी पावडर आणि धूळ दोन्ही बंद करायला सांगितली, आणि महिन्याभरात त्यांच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं दुकान थाटलं गेलं.

आणि नेमकं तेव्हाच एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन सूनबाईच्या टेबलावर उघडं पडलं होतं.

सूनबाई हे तिचं नाव नव्हे. पण गॅरेज सासऱ्यांचं, आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती साडीचा पदर खोचून त्यांच्या हाताखाली उभी राहिली, तेव्हापासून गिऱ्हाइकं, पार्टवाले, लेथवाले, सगळे तिला सूनबाईच म्हणत. आता तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. ते दाराजवळच्या खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून इंजिनाचे रोग सांगत आणि काम सगळं ती करी. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक सांगावा लागे, पण बायकोच्या कामात तो नाक खुपसत नसे, आणि हे तिला पुरेसं होतं.

दातांच्या डॉक्टरांची गाडी त्यांच्या वयाची होती. इंजिन सूनबाईनं मनासारखं बांधत आणलं होतं. राहिलं होतं ते बाहेरचं: चार ब्रॅकेट, एक पुली, आणि सगळ्यात वर दिसणारं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. ते कव्हर डॉक्टरांना गडद लाल हवं होतं, आणि गुळगुळीत नव्हे, तर बारीक सुरकुत्या पडलेल्या रंगाचं, कंपनीतून आलं होतं तसं. ते रोज दोन पेशंटच्या मध्ये फोन करत. "आमच्या पेशंटचं काय म्हणणं?" असं विचारत आणि स्वतःच हसत. पहिले चार दिवस तीही हसली.

पावडर कोटिंग हे सांगायला सोपं काम आहे. पार्ट धुवायचा, वाळूचा मारा करून जुना थर उडवायचा, विजेच्या भारानं रंगाची पावडर त्यावर चिकटवायची आणि भट्टीत भाजायचं. पण इंजिनाचा पार्ट म्हणजे खिडकीचा गज नव्हे. बोल्टच्या भोकांत रंग गेला की आटे बुजतात. पॅकिंग बसतं त्या कडेवर रंग चढला की तेल गळतं. ओतीव ॲल्युमिनियमनं वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं, ते भट्टीत तापलं की ओकतं आणि रंगाला फोड येतात. आणि वाळूचा एक कण जरी आत राहिला, तरी तो तेलाबरोबर फिरत फिरत बेअरिंगपर्यंत पोचतो. पुढचं सांगायला नको.

म्हणून सूनबाईनं ठरवलं, दुकान स्वतः जाऊन बघायचं. फोनवर नाही.

पहिलं दुकान काचेच्या दाराचं होतं. आत थंडगार हवा, भिंतीवर रंगांचे तुकडे चिकटवलेले, आणि टेबलामागे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक विक्रेता. हे लोक फाटकं आणि जिन्यांचे कठडे रंगवत. सूनबाईनं पिशवीतून कव्हर काढून टेबलावर ठेवलं, तर त्यानं आधी खाली कागद सरकवला. आट्यांची भोकं कशी झाकता, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, काळजी करू नका. भाजायच्या आधी एकदा नुसतं तापवून तेल बाहेर काढता का, असं विचारलं. तो म्हणाला, मॅडम, काळजीच करू नका. भट्टी बघायला मिळेल का, असं विचारलं, तेव्हा मात्र काळजी त्यालाच वाटली. आत बाहेरच्या माणसांना सोडत नाहीत म्हणाला. शेवटी त्यानं आपुलकीनं सुचवलं, की टेक्निकल बोलायचं असेल तर साहेबांना फोन करायला सांगा.

"कुठल्या साहेबांना?" सूनबाईनं विचारलं.

"तुमच्या."

तिनं कव्हर पिशवीत घातलं. तिचे साहेब त्या वेळी सातवीच्या वर्गाला वाळवंटं शिकवत असतील.

दुसरं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे खरंच मोटारीचे पार्ट रंगवत. साखळीवर टांगलेले शेकडो सारखे पार्ट एका बाजूनं भट्टीत शिरत होते आणि दुसऱ्या बाजूनं चकाकत बाहेर पडत होते. ते बघून तिला बरं वाटलं. मालक कानाला फोन लावूनच आला, कव्हर उलटंपालटं केलं आणि फोनवरच्या माणसाला थांबायला न सांगताच तिला विचारलं, किती नग आहेत. ती म्हणाली, एक. त्यानं चार बोटं दाखवली. निदान चारशे नग हवेत म्हणतोय की चार हजार, हे तिला कळेना, पण विचारायच्या आत तो साखळीच्या पलीकडे गेला होता.

तिसऱ्यानं तर नाकी नऊ आणले. फोनवर माणूस लाघवी. हो, इंजिनाचंच काम करतो. हो, सुरकुत्यांचा लाल आहे. उद्या अकराला या. ती अकराला गेली, शटर बंद. फोन केला, तर म्हणाला, अहो, आज अचानक बाहेर जावं लागलं, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं उघडं होतं, आत एक म्हातारा वॉचमन डबा खात होता. मालक आत्ताच गेले, म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिनं निघायच्या आधीच फोन केला, तर तो लाघवी माणूस म्हणाला, तुम्ही कालच यायला हवं होतं. तिनं फोन ठेवला. लगेच दातांच्या डॉक्टरांचा फोन वाजला.

हे सगळं चालू असताना अण्णा एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत म्हणत होते. घरचं माणूस असताना बाहेर पायपीट कशाला.

घरचं माणूस म्हणजे जावईबापू. सूनबाईच्या थोरल्या नणंदेचे यजमान. आधी ते एका कंपनीत स्टोअर सांभाळत, ती कंपनी बंद पडली, आणि आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एक भट्टी आणि एक कॉम्प्रेसर घेऊन पावडर कोटिंगचं दुकान टाकलं. शाळेची बाकं, जाळ्या, दुकानांचे रॅक अशी कामं येत. माणूस मेहनती, तोंडाचा गोड, आणि सासऱ्यांच्या घरी आला की अण्णा वाकड्या बोटांनी स्वतः खुर्ची पुढे करत. सूनबाईला त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती कामाबद्दल, आणि ती सांगायची सोय नव्हती. जाळीला एखादा फोड आला तर कुणाचं काय जातं. कव्हरचं तसं नव्हतं. पण हे वन्संना कसं सांगणार? वन्सं आठवड्यातून दोनदा अण्णांना फोन करत, आणि हल्ली प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य सूनबाईच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलत, की लोकांना परके बरे वाटतात.

शेवटी तिनं मधला मार्ग काढला. चार ब्रॅकेट आणि एक पुली जावईबापूंना दिली. आटे कुठे आहेत, कुठली कड कोरी ठेवायची, हे खडूनं खुणा करून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. पाच दिवसांनी पार्ट आले. रंग छान काळा, एकसारखा. आणि बोल्टची सगळी भोकं रंगानं बुजलेली. पुली दांड्यावर ज्या भोकानं बसते, त्याच्या आतसुद्धा रंग. खडूच्या खुणा वाळूच्या माऱ्यात उडून गेल्या होत्या, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. एक अख्खा दिवस तिनं आटे पाडायचा टॅप फिरवून भोकं मोकळी केली आणि पुलीचं भोक पॉलिश पेपरनं घासलं. संध्याकाळी तिला मूठ वळता येत नव्हती. ती अण्णांना म्हणाली, बघा. अण्णांनी पुली हातात घेतली, रंगावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, पहिलीच वेळ आहे, सांभाळून घे.

"मी सांभाळून घेईन अण्णा. बेअरिंग घेणार नाही."

अण्णांनी पुली तिच्या हातात परत दिली. बहुतेक त्यांनी ते वन्संना सांगितलं, कारण त्या आठवड्यात वन्संचे दोन्ही फोन आले नाहीत.

चौथं दुकान तिला लेथवाल्यानं सांगितलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर, टायरच्या ढिगाऱ्यामागे, पाटी नसलेली एक शेड. तिथे चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या रंगवत. मालकीण साठीची असेल. गळ्यात चष्मा, अंगात पुरुषी सदरा आणि हातात पेनाएवढी टॉर्च. टॉर्चवालीनं या-बसा काही केलं नाही. कव्हर घेतलं, उजेडात नेलं, उलटं केलं आणि विचारायला सुरुवात केली. किती वर्षं वापरलंय? कशानं धुतलं? कुठल्या कडेवर पॅकिंग बसतं? हा डाग तेलाचा की आधीच्या जोडकामाचा? सूनबाई एकेक उत्तर देत गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण कुणाशी तरी बोलतोय.

मग टॉर्च कव्हरच्या आत गेली आणि तिथेच थांबली. कव्हरच्या आत, छताला, एक लांबट पत्रा रिव्हेट मारून बसवलेला असतो. इंजिनातली वाफ नळीवाटे बाहेर जाताना तेलाचे शिंतोडे बरोबर नेऊ नये म्हणून. पत्र्याच्या मागे दोन बोटं मावतील एवढी पोकळी असते.

"हा काढून आणा," टॉर्चवाली म्हणाली.

"रिव्हेट आहेत ते."

"दिसतायत. ड्रिलनं उडवा. आतली पोकळी तीनदा धुवा. मग आणा. त्यानंतर तीन आठवडे लागतील, माझ्याकडे खुर्च्यांची रांग आहे."

सूनबाई म्हणाली, की आमचे आधीचे काका कव्हर आहे तसंच घेत, कधी पत्रा काढायला सांगितला नाही.

"मग ते स्वतःच काढून परत बसवत असतील," टॉर्चवाली म्हणाली. "चांगले होते. मी काढत नाही." आणि तिनं कव्हर तिच्या हातात परत दिलं.

हे बोलणं खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. पंधरा-वीस दिवस वणवण करून, एक माणूस कामाचं भेटलं, तर तेही नाहीच म्हणालं. रस्त्यावर येऊन ती स्कूटरला किल्ली लावत होती तोच फोन वाजला. दातांचे डॉक्टर. या वेळी त्यांनी पेशंटचं काही विचारलं नाही. म्हणाले, महिनाअखेरीस मुलीला घेऊन निघायचं आहे, रजा टाकून झाली आहे, आणि एका झाकणासाठी गाडी अडली हे मी घरी कसं सांगू. सूनबाई म्हणाली, होईल. इतकंच. मग तिनं स्कूटर वळवली ती गॅरेजकडे नव्हे, जावईबापूंच्या दुकानाकडे.

का, हे तिला नंतर नीट सांगता आलं नाही. पाय दुखत होते, डोकं भणभणत होतं. पुन्हा ड्रिल काढा, पुन्हा धुवा, पुन्हा तीन आठवडे, याची कल्पनाच नको वाटत होती. जावईबापू दारातच होते. तिच्या हातात कव्हर बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी तिच्यासमोर वहीत लिहून घेतलं, आटे झाकायचे, कड झाकायची. रबराची बुचं मागवली आहेत म्हणाले, ब्रॅकेटचं कळल्यावर. ती हो हो म्हणत राहिली. पत्र्याबद्दल ती काही बोलली नाही. विसरली नव्हती. शब्द जिभेवर आला होता, पण तो उच्चारला तर कव्हर पुन्हा पिशवीत घालावं लागलं असतं.

चार दिवसांनी जावईबापू स्वतः कव्हर घेऊन आले, जुन्या मऊ चादरीत गुंडाळून. चादर उघडली आणि गॅरेजातलं सगळं फिकं पडलं. गडद लाल, बारीक, एकसारख्या सुरकुत्या, जणू कुणी बोटांनी बसवल्यात. आट्यांची भोकं स्वच्छ. कड कोरी करकरीत. अण्णा खुर्चीतून उठले, जे ते सहसा कुणासाठी करत नसत. सूनबाईनं मनापासून सांगितलं, की काम फार सुंदर झालंय. जावईबापू लाजले. जाताना म्हणाले, अर्धा तास हवा मारलीय आतून, कण राहिला नसेल. अण्णा त्यांना पार रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

ती दुपार तिला नीट आठवते. कव्हर सरळ बसवायचं होतं, पॅकिंगसुद्धा काढून ठेवलं होतं. पण अंगवळणी पडलेली गोष्ट. कुठलाही पार्ट आला की ती गरम पाण्यात धुवायची. तिनं मोठं घमेलं भरलं, कव्हर बुडवलं, हलवलं, बाहेर काढलं. पाणी स्थिर झालं तेव्हा घमेल्याच्या तळाशी करड्या रंगाची एक बारीक रेघ होती.

तिनं पाणी बदललं आणि पुन्हा धुतलं, तरी रेघ होतीच. तिसऱ्यांदा धुतलं. पाचव्यांदा धुऊन झाल्यावर कव्हर कानाशी धरून हलवलं, तेव्हा आतून सळसळ ऐकू आली, अगदी हलकी. सातव्या वेळी पाणी गार झालं होतं आणि रेघ होती तशीच होती. वाफ बाहेर जाते त्या नळीपाशी अंगठा घासला गेला, तर लाल रंगाचा पापुद्रा सुटून नखाला चिकटला. पत्र्यामागचं जुनं तेल भट्टीत पाझरून रंगाखाली शिरलं होतं. सुरकुत्यांमुळे वरून काही दिसत नव्हतं.

तिनं ड्रिल घेतलं आणि सहाही रिव्हेट उडवले. पत्रा उचकटला, तशी ओली वाळू भसकन टेबलावर पडली. तेलात कालवलेली, काळपट, मूठभर. ती तिनं एका कागदावर गोळा केली. डॉक्टर मुलीला घेऊन घाट चढत असते आणि कुठेतरी मधेच इंजिन जाम झालं असतं. लोकांनी म्हटलं असतं, सूनबाईनं बांधलं होतं.

अण्णा खुर्चीतून बघत होते. ते म्हणाले, "जावईबापूंनी मला फोन केला होता. आत काही आहे का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, साधं झाकण आहे, करा बिनधास्त."

"असं का म्हणालात?"

"मला वाटलं नाही, पत्र्याचं काही करावं लागतं असं. वीस वर्षांत कधी करावं लागलं नाही." मग म्हणाले, "काका काढत असतील, नाही?"

तिला अण्णांवर ओरडायचं होतं. पण ते आपल्या वाकड्या बोटांकडे बघत होते. तिनं कागदाची पुडी बांधली, कव्हर त्याच चादरीत गुंडाळलं आणि स्कूटर काढली.

वाटेत तिनं सगळं बोलणं मनात तयार केलं. जाळ्या रंगवा म्हणावं. नातं घरी, काम कामाच्या जागी. जे माहीत नाही ते काम घेऊ नये. एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं. दुकानात वन्संही होत्या, बिलाच्या वहीवर वाकलेल्या. बरं झालं, असं तिला वाटलं. तिनं काही न बोलता पुडी उघडून त्यांच्या वहीवरच ठेवली.

जावईबापूंनी वाळू चिमटीत घेतली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कव्हर उलटं केलं, उघडी पोकळी पाहिली, सहा भोकं पाहिली. सबब सांगितली नाही. एवढंच म्हणाले, की मी विचारलं होतं. मग वर बघून त्यांनी सरळ तिलाच विचारलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं, हा पत्रा काढावा लागतो?"

तयार केलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. अण्णांच्या उत्तराआड लपणंही सोपं होतं.

"होतं," ती म्हणाली. "इथे आले त्याच सकाळी एकीनं सांगितलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर मला परत जाऊन तो काढावा लागला असता. मी कंटाळले होते."

कॉम्प्रेसर मागे धडधडत होता. जावईबापू कव्हरवरून हात फिरवत राहिले. वन्सं मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आठ महिन्यांत त्यांनी एवढ्या हौसेनं दुसरं काम केलं नसेल. रात्री उठून बुचं मोजून ठेवत होते. "आणि तू वाळू घेऊन आलीस. आमच्या नावानं." सूनबाई म्हणाली, नुसती तुमच्या नावानं नाही, माझ्याही. पण वन्संनी वही मिटून घेतली होती.

जावईबापू म्हणाले, मी परत करून देतो, रंग काढून, पहिल्यापासून. त्यांचा आवाज इतका साधा होता, की तिला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. वन्संचे फोन सुरू झाले असते, अण्णांनी पुन्हा खुर्ची पुढे केली असती. पण एकदा तसं करून झालं होतं, आणि त्याचा पुरावा वहीशेजारी कागदावर पडला होता. ती म्हणाली, की हे एक कव्हर मी दुसरीकडे देणार आहे. ब्रॅकेट, पुली, स्टँड, बाकी काय असेल ते तुमच्याकडे. कव्हर नाही.

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. पण त्या दिवशी ते तिला दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

टॉर्चवालीनं कव्हर बघून एक अक्षर विचारलं नाही. लाल रंग, उडवलेले रिव्हेट, उघडी पोकळी, सगळं तिच्यासमोर मांडलेलंच होतं. फक्त म्हणाली, आता रंग उतरवायचा म्हणजे चार आठवडे. सूनबाईनं वाद घातला नाही. वाद घालण्याएवढी ताकद तिनं दातांच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवली होती. त्यांना तिनं फोनवर नव्हे, दवाखान्यात जाऊन सांगितलं. चूक माझी आहे, गाडी महिनाअखेरीस मिळणार नाही. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून उभे होते. आरसा तसाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले. बिचारा पेशंट आ वासून दोघांचं ऐकत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, मुलीला तुम्ही सांगा. आणि तिला खरोखरच सांगावं लागलं. मुलगी पंचविशीची होती, तिनं ऐकून घेतलं आणि रेल्वेचं तिकीट काढलं. डॉक्टर रुसले ते रुसलेच.

कव्हर पाचव्या आठवड्यात आलं. लाल बरोबर होता, सुरकुत्या जावईबापूंच्या इतक्या देखण्या नव्हत्या. मागच्या कडेला रंगात टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र होतं, आणि टॉर्चवालीनं ते स्वतःच उजेड पाडून दाखवलं. तेल अजून थोडं होतं आत, म्हणाली, दोनदा तापवूनही. पुन्हा करायचं असेल तर पुन्हा चार आठवडे. सूनबाई म्हणाली, नको. गॅरेजात येऊन तिनं ते तीनदा धुतलं. घमेल्याचा तळ स्वच्छ होता. पत्रा तिनं आता स्क्रूनं बसवला. इंजिन सुरू झालं तेव्हा अण्णांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होतं. डॉक्टर गाडी न्यायला आले. बॉनेट उघडून कव्हर बघितलं आणि विचारलं, हा लाल जरा गडद नाही का झाला? तिनं हात पुसले आणि म्हणाली, उन्हात बघा.

वन्सं दोन महिने फिरकल्या नाहीत. मग एका रविवारी सकाळी आल्या, अण्णांची औषधं घेऊन. भावाशी बोलल्या, अण्णांशी बोलल्या, सूनबाई समोर असून नसल्यासारखी. ती कपबशा विसळायला आत गेली, तशा मागोमाग आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तुझ्यामुळे काय झालंय माहितेय? कुणी साधं कपाट घेऊन आलं तरी हे अर्धा तास प्रश्न विचारत बसतात. आतून पोकळ आहे का, तेलाचं आहे का, कुठे जोड दिलाय का. परवा एका माणसानं कपाट उचललं आणि सरळ निघून गेला."

सूनबाईला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात थोडं बरंही वाटलं, आणि ते बरं वाटल्याचा राग आला. तिनं विचारलं, मग आता त्यांना काय सांगू मी?

"काही सांगू नकोस," वन्सं म्हणाल्या. "आधीच पुष्कळ सांगून झालंय." आणि फडकं घेऊन तिनं विसळलेल्या कपबशा पुसायला लागल्या, जरा जास्तच जोरानं.